व्हिसाचा अर्ज आणि सकारण भीती : संकटग्रस्तांच्या प्रवेशपरवान्याचा इतिहास

(१)

परदेशी अल्पकाळासाठी जाऊ इच्छिणाऱ्या मनुष्याला व्हिसाचा अर्ज करताना अनेक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. त्या प्रश्नांचे स्वरूप वरवर भिन्न दिसले, तरी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे असतो : मुदत संपताच हा मनुष्य स्वदेशी परतेल काय? घर, जमीन, नोकरी, बँकेतील शिल्लक, मागे राहणारे कुटुंब, परतीचे तिकीट, यांचे दाखले मागण्यात येतात ते याच कारणासाठी. सामान्य प्रवाशाला या प्रश्नाचे खरे उत्तर देण्यात कोणतीच अडचण नसते. परंतु ज्याच्या जीविताला स्वदेशातच धोका उत्पन्न झाला आहे, त्याची स्थिती अगदी निराळी असते. त्याने खरे उत्तर दिले तर अर्ज नामंजूर होतो. तो मंजूर व्हावा अशी इच्छा असेल, तर त्याला असत्याचा आश्रय करावा लागतो.

याउलट, इ. स. १९५१ च्या जिनीव्हा कराराने निर्वासिताची जी व्याख्या केली, तिचा पायाच मुळी हे सत्य कथन करण्यावर आधारलेला आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सभासदत्व अथवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी सकारण भीती असल्याने जो स्वदेशाबाहेर आहे, आणि त्या भीतीमुळे स्वदेशाचे संरक्षण घेऊ शकत नाही वा घेऊ इच्छित नाही, तो या करारान्वये निर्वासित होय. म्हणजे ‘मला परत जाण्याची भीती वाटते’ हे एकच वाक्य सीमेच्या अलीकडे उच्चारले असता अपात्रतेचे कारण ठरते, आणि सीमेच्या पलीकडे उच्चारले असता आश्रयाचा आधार ठरते. वाक्य तेच, बोलणारा तोच. केवळ स्थान बदलल्याने त्याचा परिणाम उलटतो.

हे वाक्य सीमा ओलांडण्यापूर्वीच उच्चारता यावे, आणि त्यामुळेच प्रवेश मिळावा, यासाठी गेल्या शतकभरात जे प्रयत्न झाले, त्यांतून ‘मानवतावादी व्हिसा’ या संकल्पनेचा उदय झाला. प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नांचा मागोवा घेऊन, व्हिसाच्या कागदाने अर्जदाराला सत्य बोलण्यास कोठे वाव दिला व कोठे नाकारला, याचा विचार केला आहे.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करणे उचित होईल. ‘व्हिसा’ हा शब्द लॅटिन ‘खार्टा व्हिसा’, म्हणजे ‘पाहिलेला कागद’, या प्रयोगातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत व तेथून मराठीत आला. येथे पाहणारा अधिकारी आहे, आणि पाहिला जातो तो कागद. मनुष्य दुय्यम आहे. आश्रय या अर्थी इंग्रजीत रूढ असलेला ‘असायलम’ हा शब्द ग्रीक ‘असिलॉन’ या शब्दापासून निघाला असून, जेथून कोणाला बळाने ओढून नेता येत नाही ते स्थान, असा त्याचा मूळ अर्थ आहे. एका शब्दात अधिकाऱ्याची दृष्टी आहे, तर दुसऱ्यात स्थानाची अभेद्यता. आजच्या कायद्यांतील पेच या दोन अर्थांच्या अंतरात बीजरूपाने दिसतो.

मराठीतील ‘निर्वासित’ हा शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. व्याकरणदृष्ट्या तो कर्मणि भूतकाळवाचक धातुसाधित होय : ज्याला वासस्थानातून बाहेर घालविण्यात आले आहे, असा. इंग्रजी शब्दाचे मूळ असलेला फ्रेंच ‘रेफ्यूजिए’ हा शब्दही त्याच जातीचा. दोन्ही भाषांत क्रिया पूर्ण झाल्यावरच मनुष्याला ही संज्ञा प्राप्त होते. जो अद्याप आपल्या घरात दाराला कडी लावून बसला आहे, ज्याचे नाव एखाद्या यादीत गेले आहे पण ज्याला अजून सीमेपर्यंत पोहोचता आलेले नाही, त्याच्यासाठी या भाषांत नेमका शब्द नाही, आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातही त्याच्यासाठी नेमके स्थान नाही.

तथापि भयग्रस्त मनुष्याला उद्देशून लिहिलेला राजकीय कागद मराठी परंपरेला अपरिचित होता असे नाही. प्रवासासाठी राहदारीचा परवाना व दस्तक यांची गरज असे. परंतु त्यांहून भिन्न असे कौलनामा आणि अभयपत्र हे दोन प्रकार मराठेकालीन कागदपत्रांच्या अभ्यासकांस सुपरिचित आहेत. स्वारी, दुष्काळ वा जाचक वसुली यांमुळे रयत गाव सोडून परागंदा होई, तेव्हा तिने निर्भयपणे परत येऊन लावणी करावी म्हणून सरकारातून कौल दिला जाई. ‘कौल’ हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘बोल’, म्हणजेच दिलेले वचन. त्या कागदाची दिशा व्हिसाच्या विरुद्ध आहे, कारण तो गेलेल्यास परत बोलावतो. आणि त्यामागे महसुलाचा हिशेब आहे, हेही विसरून चालणार नाही. परंतु एक महत्त्वाचे अंग त्यात आहे. समोरच्या माणसाला भय वाटते, ही गोष्ट तो कागद गृहीत धरतो व उघडपणे मान्य करतो. आधुनिक व्हिसाच्या अर्जात नेमकी हीच गोष्ट झाकून ठेवावी लागते.

(३)

पहिल्या महायुद्धानंतर पारपत्र व व्हिसा यांचे निर्बंध युरोपभर स्थिरावले, त्याच सुमारास लक्षावधी माणसे कागदहीन झाली. इ. स. १९२१ च्या डिसेंबरात सोव्हिएत शासनाने परदेशी गेलेल्या अनेक रशियनांचे नागरिकत्व काढून घेतले. राष्ट्रसंघाने त्याच वर्षी नॉर्वेचे संशोधक फ्रित्योफ नान्सेन यांची रशियन निर्वासितांसाठी उच्चायुक्त म्हणून नेमणूक केली होती. त्यांच्या प्रयत्नाने ५ जुलै १९२२ रोजी जिनीव्हा येथे ठराव होऊन निर्वासितांना एक प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था झाली. पुढे ‘नान्सेन पारपत्र’ म्हणून प्रसिद्धीस आलेला कागद तो हाच. पन्नासाहून अधिक सरकारांनी त्यास मान्यता दिली. १९२४ मध्ये ही सोय आर्मेनियनांना व १९२८ मध्ये असीरियन व अन्य काही समूहांना लागू झाली.

या कागदाची थोरवी मान्य करूनही त्याची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. तो धारकाची ओळख पटवून देई; परंतु कोणत्याही देशात प्रवेश करण्याचा हक्क त्यातून निर्माण होत नसे. ज्या देशाने तो दिला, त्या देशात परतण्याचा हक्कही मूळ ठरावान्वये मिळत नसे. त्या कागदावर व्हिसा घ्यावाच लागे, आणि व्हिसा देणारा अधिकारी प्रथम हाच विचार करी की, या मनुष्याला परत कोठे पाठविता येईल? ज्याला परत पाठविता येत नाही त्याला आत घेऊ नये, हा नियम लिहिलेला असो वा नसो, व्यवहारात दृढ होत गेला.

(४)

या नियमाचे अत्यंत भीषण परिणाम १९३८ ते १९४१ या काळात दिसून आले. जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर जर्मन पारपत्रावर स्वित्झर्लंडमध्ये येणाऱ्या ज्यूंची संख्या वाढली. जर्मन नागरिकांना तेथे व्हिसा लागत नसे. सर्वच जर्मनांना व्हिसा लावण्याऐवजी परत जाऊ न शकणारे तेवढे वेगळे ओळखता यावेत, अशी स्विस शासनाची इच्छा होती. दोन्ही सरकारांत सप्टेंबर १९३८ च्या अखेरीस तडजोड होऊन जर्मन ज्यूंच्या पारपत्रांवर ‘जे’ हे अक्षर उमटविण्यात येऊ लागले. व्हिसाच्या अर्जातील ‘परतणार काय?’ या प्रश्नाचे उत्तर अर्जदाराने देण्यापूर्वीच त्याच्या कागदावर लिहिले जाऊ लागले.

त्याच वर्षी ६ ते १५ जुलै या काळात फ्रान्समधील एव्हियाँ येथे बत्तीस राष्ट्रांची परिषद भरली. सहानुभूतीची भाषणे झाली. पण डोमिनिकन प्रजासत्ताकासारखा अपवाद वगळता बहुतेकांनी आपले प्रवेशाचे नियम सैल करण्यास नकार दिला. अमेरिकेत १९२४ च्या कायद्याने देशवार वार्षिक कोटा ठरलेला होता. जर्मनी व ऑस्ट्रिया यांचा मिळून तो २७,३७० होता. सार्वजनिक बोजा होण्याचा संभव असलेल्यांना व्हिसा नाकारावा, या तरतुदीचा अर्थ १९३० च्या सप्टेंबरापासून अधिक कडक करण्यात आला होता. याहून विलक्षण गोष्ट अशी की, अर्जासोबत जोडावयाच्या कागदांत जर्मन पोलिसांकडील सद्वर्तनाच्या दाखल्याचाही अंतर्भाव होता. ज्या सत्तेच्या भीतीने पळून जावयाचे, तिच्याच चौकीवर जाऊन चांगल्या वागणुकीचा शेरा मिळवावा लागे.

कागद हाती असूनही तो मध्येच निरर्थक कसा ठरतो, याचे उदाहरण म्हणजे ‘सेंट लुई’ हे जहाज. १३ मे १९३९ रोजी ते हँबर्गहून ९३७ प्रवाशांसह निघाले. बहुतेकांजवळ क्यूबाचे उतरण्याचे परवाने होते, आणि अनेकांनी अमेरिकेच्या व्हिसासाठी नाव नोंदवून आपली पाळी येईपर्यंत हव्हानात थांबण्याचा बेत केला होता. जहाज निघण्यापूर्वीच क्यूबाच्या शासनाने तसले परवाने रद्द केले होते. हव्हानात केवळ २८ जणांस उतरू देण्यात आले. अमेरिकेनेही प्रवेश दिला नाही. अखेर युरोपात परतलेल्या प्रवाशांना ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम व हॉलंड यांनी वाटून घेतले. आणि पुढे युरोप खंड जर्मन सैन्याने व्यापल्यावर त्यांपैकी २५४ जण मृत्युमुखी पडले.

या पार्श्वभूमीवर लिथुआनियातील कौनास येथे १९४० च्या उन्हाळ्यात घडलेली घटना पाहावी. पोलंडमधून पळून आलेले ज्यू तेथे अडकले होते. जून महिन्यात सोव्हिएत सैन्याने तो देश व्यापला होता. बाहेर पडण्याचा एकच मार्ग उरला : सैबेरियातून रेल्वेने व्लादिव्होस्तोक, तेथून समुद्रमार्गे जपान. परंतु जपानचा मार्गस्थ व्हिसा मिळण्यासाठी अंतिम मुक्कामाचा परवाना दाखवावा लागे, आणि असा परवाना कोणताही देश देत नव्हता. रीगा येथील डच वकील द डेकर यांनी यातून एक वाट काढली, आणि कौनास येथील डच कॉन्सल यान झ्वार्टेंडाइक यांनी ती शेकडो पारपत्रांवर लिहून दिली. फिलिप्स कंपनीचे लिथुआनियातील काम पाहणारे हे गृहस्थ काही आठवड्यांपूर्वीच कॉन्सलपदावर आले होते. सुरिनाम, क्युरासाओ व अमेरिकेतील अन्य डच प्रदेशांत परकीयांना प्रवेशासाठी व्हिसा लागत नाही, अशा आशयाचे ते वाक्य होते. वाक्य खरे होते, पण अर्धे. उतरण्याची परवानगी देणे न देणे हे तेथील गव्हर्नरच्या मर्जीवर असते, हा उरलेला भाग जाणूनबुजून गाळला होता.

या अर्ध्या वाक्याच्या आधारावर जपानचे उपकॉन्सल चिउने सुगिहारा यांनी जुलै व ऑगस्ट १९४० मध्ये दोन हजारांहून अधिक मार्गस्थ व्हिसे लिहिले. अटी पूर्ण न करणाऱ्यांस व्हिसा देऊ नये, अशी तोक्योची सूचना असतानाही त्यांनी हे केले. व्हिसा घेणाऱ्यांना क्युरासाओला जावयाचे नव्हते, हे देणाऱ्यासही ठाऊक होते. ही माणसे त्सुरुगा बंदरात उतरून कोबे येथे आली, आणि ज्यांना पुढे कोठेच व्हिसा मिळाला नाही अशा सुमारे एक हजार जणांना १९४१ मध्ये शांघायला पाठविण्यात आले. त्यांतील बहुतेक जगले. १९४७ मध्ये सुगिहारा यांना परराष्ट्रखात्याची नोकरी सोडावी लागली. इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला तो १९८४ मध्ये, आणि झ्वार्टेंडाइक यांचा १९९७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी.

कौनासच्या या प्रकरणाकडे सामान्यतः दोन व्यक्तींच्या धैर्याची कथा म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यातून आणखी एक निष्कर्ष निघतो. त्या पारपत्रांवर खरे कारण लिहिण्यास जागाच नव्हती. अर्जदार, डच कॉन्सल व जपानी उपकॉन्सल या तिघांनी मिळून एका काल्पनिक प्रवासाचा कागद तयार केला, कारण वास्तव प्रवासाचा कागद अस्तित्वातच नव्हता. पुढे मानवतावादी व्हिसा म्हणून जे मागितले जाऊ लागले, ते अशा कल्पिताची गरज संपविण्यासाठीच.

(५)

या काळाचा मुंबईशीही संबंध आहे. जर्मनी व मध्य युरोपातून आलेल्या ज्यूंच्या साहाय्यासाठी मुंबईत १९३४ मध्ये ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. ब्रिटिश हिंदुस्थानचे शासन येणारा मनुष्य निर्धन ठरू नये याविषयी दक्ष होते. त्यामुळे नोकरीचे निश्चित आश्वासन अथवा संस्थेची हमी यांवर पुष्कळांचे भवितव्य अवलंबून असे. आकाशवाणीच्या संकेतधुनीशी ज्यांचे नाव जोडले जाते ते संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ मध्ये, आणि मुंबईच्या तरुण चित्रकारांना प्रोत्साहन देणारे वॉल्टर लांगहॅमर १९३८ मध्ये मुंबईस आले. मुंबईच्या कलाजीवनाने या आगमनाचे ऋण मानावे, हे योग्यच. परंतु हमी मिळविण्याइतकी ओळख ज्यांची मुंबईत नव्हती, त्यांची नावे कोणत्याही कलेच्या इतिहासात येणे शक्य नव्हते. शिवाय सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच आलेल्यांपैकी अनेकांना जर्मन प्रजाजन म्हणून स्थानबद्ध करण्यात आले, आणि काहींची रवानगी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील छावणीत झाली. ज्या राष्ट्राने त्यांना आपले मानण्याचे नाकारले, त्याचेच पारपत्र येथे त्यांच्या विरोधात पुरावा झाले.

याच्या तुलनेत कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात राहिलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची गोष्ट भिन्न आहे. सोव्हिएत प्रदेशातून इराणमार्गे आलेल्या या स्त्रियांना व मुलांना ‘परत जाल काय?’ असे कोणी विचारले नाही, कारण त्यांचे येणे मित्रराष्ट्रांच्या सरकारांनी आपसांत ठरविले होते. शासनाची इच्छा असली की प्रश्नावली बाजूस राहते, एवढे यावरून सिद्ध होते.

(६)

युद्धानंतर झालेल्या १९५१ च्या कराराने दोन मोठ्या गोष्टी केल्या. छळाचा धोका असेल तेथे निर्वासिताला परत ढकलू नये, असा निर्बंध त्याच्या तेहतिसाव्या कलमाने घातला. आणि थेट धोक्याच्या प्रदेशातून आलेल्या व विनाविलंब हजर होणाऱ्या मनुष्याला केवळ विनापरवाना प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असे एकतिसाव्या कलमाने सांगितले. निर्वासितास व्हिसा मिळत नाही, हे करारकर्त्यांना ठाऊक होते, असा याचा अर्थ होतो. व्हिसा द्यावा, असे मात्र करारात कोठेही म्हटलेले नाही.

विमानप्रवास वाढला तेव्हा ही उणीव अधिक रुंदावली. व्हिसा नसलेल्या प्रवाशास आणल्याबद्दल वाहतूक कंपनीस दंड करण्याची पद्धत रूढ झाली. ब्रिटनने १९८७ मध्ये तसा कायदा केला, १९९० च्या शेंगेन कराराच्या अंमलबजावणीच्या संकेतात ही तरतूद आली, आणि २००१ मध्ये युरोपीय संघाने किमान दंडाच्या रकमाही ठरवून दिल्या. परिणामी तपासणीचे काम सीमेवरच्या अधिकाऱ्याकडून निघून परदेशातील विमानतळावर तिकीट तपासणाऱ्या नोकराकडे गेले. सीमेवरचा अधिकारी निदान करारातील आश्रयाच्या तरतुदींनी बांधलेला असतो. तिकीट तपासणाऱ्यासमोर भीतीचे कथन करून काय उपयोग? कायदेशीर विमानमार्ग बंद झाला, म्हणून माणसे समुद्रातील होड्यांकडे व दलालांकडे वळली.

(७)

हा पेच न्यायालयासमोर स्पष्टपणे आला तो सीरियातील एका कुटुंबाच्या निमित्ताने. अलेप्पो येथील एक दांपत्य आपल्या तीन अज्ञान मुलांसाठी व स्वतःसाठी अर्ज घेऊन १२ ऑक्टोबर २०१६ रोजी बैरूत येथील बेल्जियमच्या वकिलातीत गेले, आणि दुसऱ्याच दिवशी सीरियात परतले. त्यांपैकी एकाला सशस्त्र टोळीने पळवून नेऊन मारहाण व छळ केला होता व खंडणी घेऊन सोडले होते. न्यायालयीन कागदपत्रांत त्यांचा उल्लेख केवळ ‘एक्स आणि एक्स’ असा आहे. युरोपीय संघाची २००९ ची व्हिसा-संहिता दोन परस्परविरुद्ध गोष्टी सांगते. मुदतीपूर्वी परत जाण्याच्या हेतूविषयी रास्त शंका असल्यास व्हिसा नाकारावा, असे तिचे बत्तिसावे कलम म्हणते. तर मानवतावादी कारणास्तव आवश्यक वाटल्यास मर्यादित क्षेत्राचा व्हिसा देता येईल, असे पंचविसावे कलम म्हणते. या कुटुंबाने पंचविसाव्या कलमाचा आधार घेतला, आणि बेल्जियममध्ये पोहोचताच आपण आश्रय मागणार आहोत, हे स्पष्टपणे लिहिले.

१८ ऑक्टोबर रोजी अर्ज नामंजूर झाला. प्रकरण लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयात गेले. महाधिवक्ता पाओलो मेंगोत्सी यांनी ७ फेब्रुवारी २०१७ रोजी आपले मत दिले : व्हिसा नाकारल्याने अर्जदार छळाच्या तोंडी जातील असे मानण्यास सबळ कारण असेल, तर तो देणे राष्ट्रावर बंधनकारक आहे. न्यायालयाने ७ मार्च २०१७ च्या निर्णयात हे मत स्वीकारले नाही. संहिता नव्वद दिवसांपर्यंतच्या वास्तव्यासाठी आहे. अर्जदारांना त्याहून अधिक राहावयाचे आहे, हे त्यांनीच सांगितले. सबब हा अर्ज संहितेच्या कक्षेत येतच नाही, तो केवळ राष्ट्रीय कायद्याचा विषय आहे, असे न्यायालयाने ठरविले. तशाच स्वरूपाच्या दुसऱ्या एका प्रकरणात स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्क न्यायालयाने ५ मे २०२० रोजी असा निर्णय दिला की, वकिलातीत अर्ज केल्याने अर्जदार बेल्जियमच्या अधिकारक्षेत्रात येत नाही.

न्यायशास्त्राच्या दृष्टीने या निर्णयांचे समर्थन करता येते. कोणत्याही वकिलातीत अर्ज करणाऱ्या प्रत्येकाचा दावा तपासण्याचे बंधन पडल्यास त्याचा भार अमर्याद होईल, हा सरकारांचा युक्तिवाद निराधार म्हणता येणार नाही. परंतु त्याचा तार्किक परिणामही पाहिला पाहिजे. हेतू लपविला असता तर हा अर्ज संहितेखाली विचारात घेतला गेला असता. तो लपविला नाही, म्हणून संहितेचे दारच बंद झाले. युरोपीय संसदेने ११ डिसेंबर २०१८ रोजी स्वतंत्र मानवतावादी व्हिसाचा कायदा आणावा असा ठराव केला. युरोपीय आयोगाने तसा प्रस्ताव मांडला नाही.

(८)

जेथे असा व्हिसा प्रत्यक्षात आला, तेथील अनुभव दोन प्रकारचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये सप्टेंबर २०१२ पर्यंत परदेशातील वकिलातीतच आश्रयाचा अर्ज करता येई. ती सोय त्या महिन्यात रद्द झाली, आणि ९ जून २०१३ च्या सार्वमतात तीन-चतुर्थांशांहून अधिक मतदारांनी त्यास संमती दिली. तिच्या जागी मानवतावादी व्हिसा पुढे करण्यात आला. त्यासाठी जीविताला वा शरीराला प्रत्यक्ष, गंभीर व तात्काळ धोका असल्याचे दाखवावे लागते. पण अर्जदार तिसऱ्या देशात पोहोचला असेल, तर धोका सामान्यतः संपला असे मानले जाते. युद्धग्रस्त देशात वकिलात सहसा चालू नसते, म्हणून अर्जासाठी शेजारच्या देशात जावे लागते. आणि शेजारच्या देशात गेले की अर्जाचा आधारच डळमळतो. हक्काची जागा सवलतीने घेतली, म्हणजे काय होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

ब्राझीलचा अनुभव याहून वेगळा आहे. हैतीमध्ये १२ जानेवारी २०१० रोजी झालेल्या भूकंपानंतर तेथील लोक दलालांच्या मार्फत ॲमेझॉनच्या सीमेवरून ब्राझीलमध्ये येऊ लागले. दोन वर्षांनी, १२ जानेवारी २०१२ रोजी, ब्राझीलने त्यांच्यासाठी मानवतावादी व्हिसा सुरू केला. प्रारंभी वर्षाला १,२०० व्हिशांची मर्यादा होती; मागणी पाहून ती एप्रिल २०१३ मध्ये काढण्यात आली. २० सप्टेंबर २०१३ च्या ठरावाने सीरियातील युद्धाची झळ पोहोचलेल्यांना व्हिसा देण्याची व्यवस्था झाली, आणि ज्यांनी ब्राझीलमध्ये आश्रय घेण्याची इच्छा व्यक्त केली आहे त्यांच्यासाठी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. म्हणजे ज्या वाक्याने अलेप्पोच्या कुटुंबाचा अर्ज युरोपीय संहितेबाहेर गेला, तेच वाक्य ब्राझीलच्या वकिलातीत पात्रतेची अट होते. पुढे मे २०१७ च्या स्थलांतर कायद्यात या व्हिसाला स्थान मिळाले. तथापि येथेही शासनाची मर्जी हा घटक लोपला नाही : सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणांसाठी सुरू केलेल्या व्हिसाला २०२३ मध्ये प्रायोजक संस्थेची अट जोडण्यात आली. ९० वर्षांपूर्वी मुंबईत मागितली जाणारी हमी अशा रीतीने पुन्हा अवतरली.

(९)

भारत १९५१ च्या करारात सहभागी नाही, व निर्वासितांविषयी स्वतंत्र कायदाही येथे नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा १७ ऑगस्टला भारताने अफगाणांसाठी तातडीचा इलेक्ट्रॉनिक व्हिसा जाहीर केला. ‘ई-इमर्जन्सी एक्स-मिसलेनियस’ असे त्याचे नाव होते. ‘मिसलेनियस’ म्हणजे संकीर्ण. ज्यासाठी वर्ग नाही अशा गोष्टी ज्या खान्यात ठेवतात, तो खाना. २५ ऑगस्टला असे जाहीर झाले की, अफगाणांनी यापुढे केवळ याच व्हिसावर यावे, आणि भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे पूर्वीचे व्हिसे रद्द समजावेत. पुण्यासारख्या विद्याकेंद्रांतील जे अफगाण विद्यार्थी महामारीच्या काळात घरी गेले होते, त्यांच्या हातातील विद्यार्थी-व्हिसा त्या दिवशी निरुपयोगी झाला. सुरक्षिततेची चिंता हे त्यामागील कारण होते, आणि ते कारण क्षुल्लक नव्हे. परंतु महाविद्यालयात नाव आहे, वर्गात जागा आहे, आणि कागद मात्र नाही, अशी स्थिती विद्यापीठांनी तेव्हा प्रत्यक्ष पाहिली.

या शंभर वर्षांच्या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, आश्रयाचा कायदा पोहोचलेल्यांसाठी आहे, आणि पोहोचण्याचा कायदा परतणाऱ्यांसाठी आहे. या दोहोंच्या मध्ये जो सापडतो त्याच्यासाठी मानवतावादी व्हिसा हा एकमेव सनदशीर मार्ग होय. दुसरा असा की, हा मार्ग आजवर बहुतेक ठिकाणी कृपेच्या स्वरूपात उघडला व कृपा संपताच बंद झाला. तिसरा निष्कर्ष भाषेच्या अभ्यासकाच्या विशेष लक्षात यावा असा आहे. अन्य सर्व व्हिशांत भीती हा अर्जदाराचा दोष मानला जातो. या एकाच व्हिसात ती अर्जाचे कारण म्हणून लिहिता येते. या व्हिसाची योग्यता किती माणसे आली यावर तर मोजावीच. पण अर्जदाराला खरे कारण लिहिण्यासाठी त्या कागदावर किती जागा ठेवली होती, हेही पाहावे. कौनास येथे ती जागा नव्हती, म्हणून दोन अधिकाऱ्यांना अर्धे वाक्य लिहावे लागले. बैरूत येथे एका कुटुंबाने संपूर्ण वाक्य लिहिले, आणि ते वाचून त्यांचा अर्ज परत करण्यात आला.